डावी बाजू उघडी

मोसमातला शेवटचा सामना होऊन दोन दिवस झाले तरी अख्तरुन्निसाने खेळाडूंचे कपडे धुतले नाहीत, तेव्हाच बहरीनमधल्या जिदहफ्सच्या त्या फुटबॉल क्लबात सगळ्यांना कळलं की बाई आता कुणाचं ऐकणार नाही. एकवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सामना संपला की तासाभरात मशीन लावायचं, हा तिचा खाक्या. वयाची साठी उलटली तरी तिने त्यात खाडा पडू दिला नव्हता. सगळा क्लब तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायचा.

कारण तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मॅनेजर इमाद फोनवर कुणाला तरी सांगत होता, "ड्राफ्टमध्ये आकिबला सोडणार."

बहरीनमध्ये कामाला आलेल्या परदेशी माणसांची ही पगारी लीग. संघ सहा. दरवर्षी नवा मोसम सुरू होण्याआधी ड्राफ्ट व्हायचा. एकेका संघाने पाळीपाळीने मंचावर यायचं, नवा खेळाडू मागायचा आणि त्याच्या बदल्यात आपला एक सोडायचा. आत कोण आणि बाहेर कोण, दोन्ही नावं एका दमात सांगायची. जो सुटला त्याचा करार खलास, आणि करारावर आलेला व्हिसाही खलास. आकिब दापोलीचा, संघाचा मधला बचावपटू. मआमीर गावात चार जणांत खोली करून राहायचा. अख्तरुन्निसा श्रीवर्धनची. नात्यागोत्याचा काही संबंध नव्हता.

ड्राफ्टच्या आदल्या दिवशी सकाळी ऑफिसात मीटिंग बसली. मालक अहमद, बाब अल बहरीनच्या बाजारात सोन्याचं दुकान असलेला बहरीनी माणूस, खुर्चीत रेलून बसला होता. इमाद भिंतीवरच्या स्क्रीनवर आकडे दाखवत होता. त्याचं घराणं खेडचं, पण जन्म मनामातला.

"आपल्याला स्ट्रायकर पाहिजे," तो म्हणाला. "तो घानाचा पोरगा अजून कुठल्या संघात नाय, आपण उचलू. आणि आकिबला सोडू. सत्तर मिनिटांनंतर त्याचा स्पीड बघा. निम्मा. माणूस संपला."

"संपला नाय," दारातून अख्तरुन्निसा म्हणाली. "दोघांचं काम एकट्याच्या गळ्यात बांधलंय तुम्ही."

इमादने वळूनही पाहिलं नाही. "खाला, चहा ठेवा आणि जा."

"चहा आणलाच नाय मी."

अहमद हसला. "क्या बोलती है, खाला?"

"ऊपर चलो सेठ. बोलती नहीं, दिखाती हूँ."

गच्चीवर तीन दोऱ्या होत्या. ती कामाला लागली तेव्हा तिला अंक वाचता येत नव्हते, म्हणून ज्याची मैदानात जी जागा, त्याच जागी ती त्याचा शर्ट वाळत घालायची. मागच्या दोरीवर बचाव करणारे, मधल्या दोरीवर मधले, पुढच्या दोरीवर गोल मारणारे. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. पुढे उतारवयात ती अंक शिकली, अक्षरं शिकली, पण दोऱ्यांची शिस्त मोडली नाही. आज त्याच शिस्तीने न धुतलेले गडद निळे शर्ट लटकत होते. वास असा होता की इमादने नाकाला रुमाल लावला.

"हा पाच नंबर, आकिब," ती म्हणाली. शर्ट गळ्यापासून खालपर्यंत पांढरा पडला होता, मिठाच्या रेघांवर रेघा. "आणि हा त्याच्या डावीकडचा तीन नंबर, यासीन. हात लावून बघा."

यासीनचा शर्ट काखेत तेवढा कडक होता, बाकी नवा असल्यासारखा.

यासीनला जानेवारीत इमादनेच आणलं होतं. "घामावरून खेळाडू ठरवायचा काय?" तो म्हणाला. "कोणाला घाम जास्त येतो, कोणाला कमी. हा काय डेटा झाला?"

"बरोबर. येतो कोणाकोणाला जास्त," ती म्हणाली. "मग सांग, प्रज्योत तीन नंबरला होता तोवर ह्याच आकिबचा शर्ट कमरेखाली कोरडा का असायचा? प्रज्योतची कंपनीत शिफ्ट बदलली, तो गेला, यासीन आला, आणि त्याच आठवड्यापासून आकिबचा शर्ट भिजून निघायला लागला. आकिबचं अंग जानेवारीत बदललं काय?"

इमादने तीन नंबरचा शर्ट उलटून पाहिला.

"तुझा यासीन पुढे जातो आणि तिथेच उभा राहतो. डावी बाजू उघडी. ती झाकायला कोण पळतो? तुला स्ट्रायकर नको, तुला डावा बॅक पाहिजे."

अहमदने खाली येऊन व्हिडिओ लावायला सांगितला. शेवटच्या चार सामन्यांत खाल्लेले सात गोल. सातांपैकी पाच डावीकडून आलेले. पाचही वेळा आकिब लांबून धापा टाकत येताना दिसत होता, आणि यासीन चित्रात कुठेच नव्हता.

"लेट तो आया ना," इमाद पुटपुटला.

"दूर से आया," अहमद म्हणाला. मग उठून त्याने गाडीची किल्ली उचलली. "मंचावर तू जाणार, इमाद. नाव तूच ठरव. मॅनेजर तू आहेस." एवढं तो मोडक्या हिंदीत बोलला आणि निघून गेला.

इमाद तिच्याकडे वळला. "उद्या ड्राफ्टच्या हॉलवर येऊ नका, खाला. तुमचं काम इथं आहे. आणि डोक्यात घ्या, आकिब राहिला तर यासीन जाणार. त्याला पण घर आहे."

"माहीत आहे. कोणीतरी जाणारच," ती म्हणाली. "उभा राहिला तो जाऊ दे. धावला तो नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बसने हॉलवर गेली आणि थेट दुसऱ्या रांगेत बसली. शेजारी आकिब होता, गुडघ्याला पट्टी बांधलेला, ओठ सुकलेले.

"खाला, तुम्ही कशाला आलात," तो हळू म्हणाला. "तुमचीही नोकरी घालवाल."

"जाऊ दे. मळके कपडे सगळ्या क्लबांत हायत."

दोन संघांची पाळी झाली. दोघांनी गोलकीपर घेतले. घानाच्या स्ट्रायकरचं नाव फळ्यावर तसंच राहिलं. मग इमादचं नाव पुकारलं. तो मंचावर चढला, माइक धरला, फळ्याकडे बघत राहिला. मागून कुणीतरी स्ट्रायकरच्या नावाचा गलका केला.

अख्तरुन्निसा उठून उभी राहिली.

"बैठ जाओ, अम्मा," कडेचा माणूस म्हणाला. ती बसली नाही. इमादची नजर खाली आली आणि तिच्यावर अडकली. ती नजर तिने सोडली नाही.

"आत," इमाद म्हणाला आणि थांबला. "आत इलियास. डावा बॅक." त्याने घसा साफ केला. "बाहेर यासीन."

हॉलमध्ये हशा पिकला. पुढच्या संघाचा मॅनेजर जवळजवळ धावत मंचावर गेला आणि स्ट्रायकर घेऊन आला. आकिबने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

इमाद खाली उतरून तिच्यासमोर थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "सगळे हसतायत बघा. मोसम हरलो तर मालकाला तुमचं नाव लिहून देईन मी."

"दे," ती उभ्यानेच म्हणाली. "अख्तरुन्निसा. लांबलचक आहे, पण पूर्ण लिही."