वरचं दूध

ती कामाला होती ते तसबिरींच्या फ्रेमचं दुकान शनिवारी चारला बंद व्हायचं. शटरवर तसं हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं आणि सगळ्या गल्लीला ते पाठ होतं. फक्त तिच्या घरी कोणाला माहीत नव्हतं, कारण घरी तिने सहा सांगितलं होतं.

आता, खोटं बोलून माणूस निदान मजा तरी करतं. हिला तेही जमत नव्हतं. चार ते सहा ती कोणाला चोरून भेटत नव्हती की कुठे उधळपट्टी करत नव्हती. दोन चौक पलीकडे एका क्लबाच्या हॉलमध्ये टेबल टेनिस खेळायची, बस्स. लग्नाआधीपासून खेळायची, पोटात सहावा महिना सरेपर्यंत खेळली होती. पण ‘पाच महिन्यांची पोर घरी टाकून खेळायला जाते’ हे वाक्य तिने मनात शंभर तऱ्हांनी जुळवून पाहिलं आणि दर वेळी ते ‘टाकून’पाशी येऊन अडकलं. कामाला जाणाऱ्या आईला लोक समजून घेतात. खेळायला जाणारीला कोण घेणार? म्हणून सहा.

पोरीला चांगलं मोठं नाव होतं, पण घरात सगळे तिला ठकू म्हणत. ठकूला पहिले चार महिने आईच्या अंगावरच्या दुधाशिवाय दुसरं काही ठाऊक नव्हतं. मग आईची रजा संपली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक घाव दोन तुकडे करून सांगितलं होतं, “सकाळ-संध्याकाळ अंगावर पाज. दुपारी काढून ठेवलेलं बाटलीने द्या. अगदीच अडलं तर डब्यातली पावडर आहे, चांगली वाढतात पोरं त्यावर. आणि अधूनमधून बाहेर पड, घरात कुजू नकोस.” हे शेवटचं वाक्य तिने घरी येऊन कोणाला सांगितलं नाही. पावडरचा डबा आणला खरा, पण त्याच्यावरचं गुबगुबीत बाळ आपल्याकडे बघून हसतंय असं वाटून तिने तो फळीवर तोंड भिंतीकडे करून ठेवला.

दुकानात ती चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याचा माउंट कापायची, काच बसवायची, पट्ट्यांचे कोपरे जोडायची. कोपरा केसभर उघडा राहिला तरी तिला ते खपायचं नाही. दिवसातून दोनदा ती मागच्या कोठीत जाऊन, उभ्या करून ठेवलेल्या पट्ट्यांच्या आड स्टुलावर बसून पंपाने दूध काढायची. मालक सज्जन माणूस. ती आत गेली की ते पुढे उगाचच मोठमोठ्याने हातोडी ठोकत बसायचे, म्हणजे तिला कळावं की आपण लांब आहोत. एकदा त्या भरात त्यांनी एक चांगली फ्रेम फोडली.

संध्याकाळी दुधाच्या पिशव्यांचा डबा ती नवऱ्याच्या हाती द्यायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. कुठलीही वस्तू नीट रचून ठेवायची त्याला भारी हौस. तो प्रत्येक पिशवीवर तारीख घालायचा आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात, विटांसारख्या रचून ठेवायचा. “काय गं, डेअरी काढतेस की काय?” म्हणायचा. तिला तेवढंच बरं वाटायचं. शनिवारचे दोन तास तिच्या नावावर होते, पण वरच्या कप्प्यातली ती रास तिच्या बाजूने साक्ष द्यायला उभी होती. पोरीच्या तोंडचं आपण काही काढून घेतलेलं नाही, हे ती क्लबाचा जिना चढताना स्वतःला बजावून सांगायची.

पोरीला दुपारी दूध पाजायचं काम सासूबाईंचं. त्या एका सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावक विभागात होत्या. आलेलं पत्र, गेलेलं पत्र, दोन्हींची नोंद. तोंडी निरोपावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तिला कामावर पहिल्या दिवशी निघायला उशीर होत होता, सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या, म्हणून तिने एक चिठ्ठी लिहून फ्रीजवर चिकटवली आणि पळाली. ‘ठकू रडली की वरचं दूध द्या. कोमट करून.’ ती चिठ्ठी तीन आठवडे तिथेच होती.

तिसऱ्या शनिवारी ती फार सुंदर खेळली. समोर तिची नेहमीची जोडीदार, दातांची डॉक्टर, जिच्या हातात आठवडाभर लोकांचे जबडे असतात आणि शनिवारी सगळा राग चेंडूवर निघतो. चेंडू येत होता, चेंडू जात होता. तेवढा वेळ ती कोणाची आई नव्हती, कोणाची सून नव्हती, नुसता एक चपळ हात होती. मग शेजारच्या बाकावर कोणाच्या तरी फोनमध्ये एक तान्हं मूल रडलं. कोणाचं, कुठलं, देव जाणे. पण तिचा कुडता समोरून भिजला. डॉक्टरीणबाईंनी स्वतःचा टॉवेल पुढे केला. टॉवेल छातीशी धरून तिने उरलेला डाव खेळला, आणि जिंकला. त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

घरी पोचली तेव्हा सव्वासहा झाले होते. हात धुऊन तिने ठकूला मांडीवर घेतलं. ठकूने एकदा तोंड लावलं आणि मान फिरवली. तिने दुसऱ्या बाजूला घेऊन पाहिलं. ठकू पाठ ताठ करून रडायला लागली. दूध तर इतकं भरलं होतं की ठणकत होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. तिला वाटलं, पोरीला कळलं. माझ्या अंगाला हॉलचा वास येतोय, आणि हिला कळलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला. “अगं, आज पिशव्या कुठे ठेवू? वर बोट शिरायला जागा नाही.”

“दुपारची वापरली असेल ना आईंनी, तिथे ठेव.”

“कुठली वापरली? सगळ्या इथेच आहेत की.”

ठकूला खांद्यावर टाकून ती तशीच उठली. वरचं झाकण उघडलं. सगळ्यात मागे, बर्फात रुतलेली, पहिल्या सोमवारची पिशवी होती. तिच्यापुढे मंगळवारची. तिच्यापुढे बुधवारची. तीन आठवड्यांचं दूध नवऱ्याने सुबक रचून ठेवलं होतं आणि त्यातला एक थेंब कोणी प्यायला नव्हता.

सासूबाई टेबलाशी बसून बटाटे सोलत होत्या.

“आई,” ती म्हणाली. “ठकू दुपारी काय पिते?”

“वरचं दूध.” त्यांनी मान वर केली नाही. “पावडरचं. तू लिहिलंस तसं.”

“मी कधी लिहिलं?”

सासूबाईंनी सुरी ठेवली, हात पुसले आणि फ्रीजवरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. “हे काय? अंगावरचं नाही, वरचं द्या. दुसरा काय अर्थ होतो? मला काय वाचता येत नाही?”

“वरचं म्हणजे वरच्या कप्प्यातलं हो!” ती ओरडलीच. “माझं! दुकानाच्या कोठीत बसून बसून काढलेलं! खाली चहाचं दूध असतं ते नको, वरचं द्या, असं!”

नवरा एकदा चिठ्ठीकडे, एकदा फ्रीजकडे बघत राहिला. मराठी भाषा इतकी श्रीमंत, पण या दोन दुधांना तिने एकच शब्द का दिला, कोण जाणे.

“अगं, मग मला वाटलं, ते साठवतेयस,” सासूबाई म्हणाल्या. “पुढेमागे लागेल म्हणून. डबा संपला तर मी दुसरा आणून ठेवला. तुला तो बघवत नाही हे दिसत होतं, म्हणून डाळीच्या डब्यामागे ठेवला.”

“एकदा विचारायचं तरी!”

“लेखी हुकूम असला की मी विचारत नाही.”

ती भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला ठकू दिसली. म्हणजे खांद्यावर होतीच, पण आता नीट दिसली. मनगटाला वळ्या पडल्या होत्या. मांड्या लोण्याच्या. गेल्याच आठवड्यात नर्सबाईंनी वजन केलं होतं आणि “छान आहे हो” म्हटलं होतं, तेव्हा ती किती मिरवली होती! तीन आठवडे रोज दुपारी पोर पावडर प्यायली, झोपली, वाढली. तिचं काही अडलं नव्हतं. आणि हे लक्षात येताच तिच्या छातीवरचा एक दगड खाली उतरला. म्हणजे मी नसले तरी चालतं. म्हणजे मी जाऊ शकते.

तो आनंद एक श्वासभर टिकला असेल. मग तिला स्वतःची किळस आली. आपल्या दुधावाचून पोरीचं चालतं याचा आनंद होणारी आई! हॉलमध्ये जाणं परवडलं. हे त्याहून वाईट होतं.

ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “शनिवारी दुकान चारलाच बंद होतं.”

“माहीत आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“काय?”

“गेल्या शनिवारी ठकूला घेऊन तिकडे फिरत आले होते. म्हटलं, साडेचारला तुला चहाची सुट्टी असेल, भेटू. शटर खाली. त्यावर लिहिलेलंही वाचलं.” त्यांनी पुन्हा सुरी उचलली. “परत आले.”

“मग बोलला नाहीत?”

“चिठ्ठीत वरचं दूध, दुकान बंद. म्हटलं, हिला जरा सुटायचंय. माणसाला सुटावंसं वाटतं. त्याची काय विचारपूस करायची?”

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावले असते, माहेर काढलं असतं, तर हिलाही चार शब्द परत करता आले असते. ही समजूत तिला सोसवेना. तिने सगळं सांगून टाकलं. क्लब, डॉक्टरीणबाई, टॉवेल, जिंकलेला डाव. नवऱ्याकडे बघून म्हणाली, “मला काम नसतं तेव्हा. मला फक्त जायचं असतं, म्हणून जाते. आणि तुम्हा दोघांना फसवून जाते. पुढच्या शनिवारपासून बंद.”

नवरा भला माणूस, पण अवघड प्रसंगी त्याला विनोद केल्याशिवाय राहवत नाही. त्याने ठकूला तिच्याकडून घेतलं, हवेत उंच धरलं आणि म्हणाला, “ठकूताई, तुमच्या मातोश्री भलत्याच निघाल्या. आमच्या मातोश्रींना बघा. बिचारीचं दूध आटलं म्हणून मी डब्यावर वाढलो. नाहीतर ती मला सोडून पाऊलभर हलली नसती!”

बटाट्याचं साल अर्ध्यावर थांबलं.

“आटलं नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या.

“अं?”

“आटवलं होतं. छातीला घट्ट फडकं बांधून. चार दिवस ताप होता.”

सासूबाई मुलाकडे बघत नव्हत्या, हातातल्या बटाट्याकडे बघत होत्या.

“कचेरी घरापासून सात मिनिटांवर होती. दुपारी जेवायला तासभर सुट्टी. साहेबांनी स्वतः सांगितलं होतं, बाई, घरी जाऊन बाळाला पाजून या. दोन महिने मी तशी येत होते. पण त्या तासात आमच्या कचेरीत कॅरम चालायचा. मी फार छान खेळायचे रे. घरी यायला निघाले की मागून सोंगट्यांचा आवाज यायचा आणि माझा पाय उचलत नसे. मग एक दिवस घरात सांगितलं, आटलं. सगळ्यांना दया आली माझी. तुझ्या आजीने तर रडून घेतलं. आणि मी दुसऱ्या दिवसापासून खेळायला मोकळी झाले.”

नवऱ्याने ठकूला हळूच खाली घेतलं आणि छातीशी धरलं. तिला वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं. स्वतःचं ओझं उतरवायला गेले आणि या बाईचं पस्तीस वर्षं झाकलेलं उघडं पाडून बसले.

“आई, असू दे ना,” ती म्हणाली. “किती जुनी गोष्ट.”

“जुनी कसली? लहानपणी हा सारखा आजारी पडायचा. खोकला, कान, घसा. लोक म्हणायचे, वरच्या दुधावरचं मूल, चालायचंच. आणि मी ऐकून घ्यायचे. खरं सांगितलं असतं तर कोणीतरी मला रागावलं असतं, आणि ते तिथेच मिटलं असतं. कोणी रागावलंच नाही.” मग त्या सुनेकडे वळल्या. “तू बंद करू नकोस. जा. पण दारातून सांगून जा, मी खेळायला जाते म्हणून. टोचेल ते टोचेलच. निदान कोणी तुझी दया तरी करणार नाही.”

नवरा ठकूला थोपटत राहिला. त्याला विनोद सुचत नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी त्याने विचारलं, “जिंकायचीस का?”

“बहुतेक रोज,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. “अजून तुला साधा ताप आला, तरी मला पहिल्यांदा तो कॅरमच आठवतो.”