पलंग कुठे येणार

"आजोबा, तुम्हाला घराबाहेर काढतायत का?"

तिने विचारलं आणि लगेच जीभ चावली. प्रश्न तिचा नव्हताच, मैत्रिणींचा होता. आपल्याला स्वतःची खोली मिळणार हे ती आठवडाभर वर्गात ऐकवत होती. काल त्यांच्यातल्या सगळ्यांत आगाऊ मुलीने विचारलं, मग आजोबा कुठे जाणार? गॅरेजमध्ये, असं हिने सांगितल्यावर ती म्हणाली, हिंमत असेल तर त्यांनाच विचारून दाखव. आता हिंमतीची गोष्ट निघाल्यावर माघार घेणारी ही नव्हे. वक्तृत्वात पहिली आल्यापासून तर तिच्या तोंडाला कुलूपच उरलं नव्हतं. आजोबा तिला तोफ म्हणायचे ते उगाच नाही.

आजोबा दारात वाकून चपला शोधत होते. आज दाढी करून या, सावकाश या, असं बाबांनी सकाळपासून तीनदा सुचवलं होतं.

"काढतात कुठे? शिफ्ट करतायत," ते म्हणाले. "खात्यात असताना मीही कितीतरी लाइनी शिफ्ट केल्या."

"पण तुम्हाला विचारलं का कुणी?"

"लाइनीला कोण विचारतं, तोफे?"

आणि स्वतःच्याच विनोदाला हसत ते न्हाव्याकडे निघून गेले.

आजोबा पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन होते. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी टाकून तेहतीस वर्षं ते गल्लोगल्ली फिरले. या वस्तीला पाणी सोड, त्या वस्तीचं बंद कर, एवढंच काम. पण उशीर झाला तर अख्खी वस्ती घागरी घेऊन उद्धार करायला उभी. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी गल्लीतले लोक येता-जाता त्यांच्या खिडकीशी थांबायचे आणि विचारायचे, आज पाणी किती वाजता? खात्याला फोन लावायच्या भानगडीत कोणी पडत नसे. आजोबा पलंगावरूनच वेळ सांगत, आणि सहसा ती पाच मिनिटंही चुकत नसे.

आई-बाबांच्या पोटात पाप होतं असं मुळीच नाही. आजोबांचे गुडघे कुरकुरत होते, बाथरूम मागच्या पॅसेजच्या टोकाला, तेही दोन पायऱ्या उतरून. पोरगी वाढली तरी बैठकीत दिवाणावर झोपत होती. गाडी कधी घेतलीच नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इन्व्हर्टर आणि कोणी टाकून देत नाही असं सगळं सामान. ते हलवायचं, मागच्या बाजूला कमोडचं बाथरूम काढायचं, आजोबांना तिथे न्यायचं, त्यांची खोली हिला द्यायची. बाबांनी आलेखाच्या कागदावर एका दगडात सगळेच पक्षी मारून ठेवले होते. हिने भिंतीचा रंगही निवडला होता.

साडेनऊला प्लंबर आला. कानावर पेन्सिल, आणि प्रत्येक वाक्याला एकच उत्तर: होऊन जाईल. गॅरेजच्या कोपऱ्यातला मुख्य व्हॉल्व्ह त्याने उजवीकडे घट्ट पिळला, नळ सोडून पाहिला, थेंब नाही, म्हणजे बंद. पाइप कापला. मोटरची लाइन सोडवली. बाबा कागद घेऊन त्याच्या पुढे-मागे, आई सामानावर चादरी टाकत, आणि ही सगळ्यांच्या मध्ये, कारण मध्ये नसली तर ती कसली.

दहाच्या ठोक्याला पाणी आलं. कापलेल्या पाइपातून असं उसळलं की प्लंबर दोन पावलं मागे सरून बादलीतच बसला. व्हॉल्व्ह उघडाच होता. मघाशी नळ कोरडा राहिला तो गल्लीला पाणीच अजून यायचं होतं म्हणून. उठून त्याने व्हॉल्व्ह आणखी उजवीकडे रेटला, तर फवारा तसाच. आईच्या चादरी भिजल्या, बाबांचा कागद भिजला. बाबा प्लंबरला बोलत होते आणि प्लंबर व्हॉल्व्हला.

तेवढ्यात आजोबा आले. अर्ध्या गालावर फेस, गळ्याला न्हाव्याचा टॉवेल. न्हाव्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली आणि त्यांना आठवलं की हा व्हॉल्व्ह खात्यातला जुना आहे, डावीकडे बंद होतो, आणि हे आपण कुणालाच सांगितलेलं नाही. कारण कुणी विचारलेलं नाही. ते पाण्यातून सरळ कोपऱ्यात गेले, एका हाताने व्हॉल्व्ह डावीकडे फिरवला. पाणी थांबलं. फक्त इन्व्हर्टर बारीक आवाजात टिटिट करत राहिला.

"उलटे आटे," आजोबा प्लंबरला म्हणाले. "तुमची चूक नाही."

न्हाव्याकडे ते परत गेलेच नाहीत. अर्ध्या दाढीने दुपारपर्यंत गॅरेजमध्ये येरझारा घालत राहिले. बसा म्हटलं की बसायचे, पुन्हा उठायचे. प्लंबरने आता बाबांचा कागद सोडला आणि आजोबांना धरलं. फरशीखालून लाइन कुठून जाते? आजोबांनी खडूने रेघ ओढून दिली. सांडपाण्याला उतार किती? त्यांनी दोरी लावून दाखवला, वर बजावलं की कमी ठेवलात तर तुंबेल. कमोड कुठे, बेसिन किती उंचावर, मोटर बाहेर कुठे, सगळं तेच सांगत होते. स्वतःचंच बिऱ्हाड हलवायचं आहे हे जणू त्यांच्या गावीही नव्हतं. बाबांना तर एवढं हायसं वाटलं की ते आईला हळूच म्हणाले, बघ, अण्णा किती रमलेत.

हिलाही तसंच वाटलं असतं. पण प्लंबरने दिव्याचं बटण कुठे घ्यायचं ते ठरवायला सहज विचारलं, "काका, पलंग कुठे येणार?"

आजोबा थांबले. शटरकडे पाहिलं, मागच्या भिंतीकडे पाहिलं. खिडकी कुठल्याच बाजूला नव्हती.

"जिथे कुणाच्या आड येणार नाही तिथे," ते म्हणाले, आणि खडूची धूळ हातांवरून झटकत बसले. धूळ गेली तरी झटकत राहिले.

ती उठून आजोबांच्या खोलीत गेली. खिडकीशी पलंग, खिडकीच्या दगडी कडेवर त्यांच्या कोपराने पडलेला गुळगुळीत डाग. बाहेरून शेजारच्या काकूंनी डोकावून विचारलं, अण्णा कुठे गं, संध्याकाळचं पाणी किती वाजता? हिला ते माहीत नव्हतं. ती पलंगावर बसली तर दोन मिनिटंही बसवेना. उठून तिने गॅरेजला लागून असलेल्या मागच्या भिंतीवर टकटक केलं. पलीकडून प्लंबरनेही टकटक केलं, त्याला वाटलं कोणी बोलावतंय.

मग ती धावतच पलीकडे गेली, त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, बाथरूम आखलंय तिथेच ठेवून दार गॅरेजऐवजी आजोबांच्या खोलीत काढलं तर? प्लंबरने पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवली. म्हणाला, भिंत फोडावी लागेल. पण पाइपाला काय, दार कुठल्या का बाजूला असेना. होऊन जाईल.

तुमच्यासाठी म्हणून म्हटलं तर आजोबा ऐकणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नको गं, तुझा अभ्यास आहे, म्हणतील, आणि स्वतःच पलंग ओढत गॅरेजमध्ये नेतील. तेव्हा तिने तोफेचा आवाज लावला. आई-बाबा पायरीवर चहा घेत होते, आजोबा पलीकडे पाइपाचे तुकडे एका लांबीचे लावत होते.

"मला आजोबांची खोली नकोय," ती म्हणाली.

आईने कप खाली ठेवला. "आता हे काय नवीन? रंग आणायला निघालेत तुझे बाबा."

"तो रंग गॅरेजला द्या. मी तिथे राहणार. खिडकीतून सगळी गल्ली डोकावते, मला अभ्यास कसा सुचणार? गॅरेजमध्ये मोठ्याने पाठ करता येतं. बाथरूमचं दार तेवढं आजोबांच्या खोलीत काढा. मला कमोडच्या शेजारी झोपायचं नाही, मी पॅसेजमधलं वापरेन. प्लंबरकाका हो म्हणालेत."

"अगं, पण अण्णांचं ठरलंय ना," बाबा म्हणाले. "त्यांनी स्वतः लाइन आखून दिली."

पाइप लावणारे हात थांबले होते. तिने तिकडे मुद्दाम पाहिलं नाही.

"असू दे. गॅरेज मला हवंय," ती म्हणाली. "आजोबांनी मागितलं तरी देणार नाही."