पाकिटावरची कमळाकाकी

पूर्वी मारुती मंदिराजवळच्या ग्राफिक डिझाईनच्या क्लासला जायला लागली, तेव्हा अर्ध्या वाडीला वाटलं, पोरगी शिवण शिकतेय. डिझाईन म्हटलं की बायकांच्या डोळ्यांपुढे ब्लाऊजचा गळाच येणार, त्यात त्यांचा काय दोष? पूर्वीने चार दिवस समजावून सांगितलं आणि मग नाद सोडला. पण वर्ष सरत आलं तशी तिच्या हातची कामं दिसायला लागली. तीन लग्नपत्रिका, एका गॅरेजची पाटी, क्रिकेटच्या टीमचं बोधचिन्ह. त्या बोधचिन्हातला वाघ मांजरासारखा दिसतो म्हणून पोरांनी तिला महिनाभर छळलं.

शेवटच्या प्रोजेक्टसाठी खरं गिऱ्हाईक आणायचं आणि लोगोपासून ब्रोशरपर्यंत सगळं करायचं, असा क्लासच्या वेदिका मॅडमचा हुकूम होता. पूर्वीला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागलं नाही. वाडीतल्या बायकांचा बचत गट माशाचा मसाला करायचा आणि साध्या पिशव्यांत भरून विकायचा. त्यांना पाकीट हवंच होतं. गटाची अध्यक्ष ज्ञानेश्वरीताई म्हणाली, "पाकिटावर कुणाचा तरी चेहरा पायजे," आणि सगळ्याजणी एकदम कमळाकाकीकडे बघायला लागल्या.

कमळाकाकी पूर्वीच्या शेजारची. मसाल्याची भाजणी तिची, मापं तिची, आणि नाकडोळेही असे की माणूस दोनदा वळून बघेल. आधी ती "माझं थोबाड बघून कोण मसाला घेतंय गो!" म्हणत नाही नाही करत राहिली. मग तयार झाली. पूर्वी फोन घेऊन अंगणात उभी राहिली तशी काकी म्हणाली, "थांब वायच," आणि आत गेली. बाहेर आली ती कपाळावर ताजं, ठसठशीत, रुपयाएवढं कुंकू लावून.

त्या कुंकवाची गोष्ट वाडीत सगळ्यांना ठाऊक होती. सात वर्षांपूर्वी कार्तिकातल्या वादळात काकीचा नवरा, सदूकाका, होडीसकट गेला. बरोबरचे दोघे पोहून किनाऱ्याला लागले. सदूकाका लागला नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. वर्ष झालं तेव्हा दिरांनी आणि भावांनी बसून सांगितलं, आता कुंकू काढ. काकी म्हणाली, "माझ्यासमोर आणून ठेवा, मग पुसते." समोर आणून ठेवायला कुणापाशी काही नव्हतं. तो विषय तिथेच मिटला, निदान काकीच्या तोंडावर तरी.

पूर्वीने फोटोवरून रेघा काढल्या. नाक जमलं, अंबाडा जमला, कानातल्या कुड्याही जमल्या. वेदिका मॅडमनी बघून मान हलवली आणि नेहमीचं सांगितलं, "लोगोत काय काय घालायचं हे कुणीही सांगेल. काय काढून टाकता येतं ते बघ. नखाएवढा करून बघ." पूर्वीने चित्र नखाएवढं केलं. एकाच गडद निळ्या रंगात छापायचं होतं. एवढ्याशा चित्रात कपाळावरचा तो ठिपका कुंकू वाटेना, शाईचा डाग पडल्यासारखा वाटायला लागला.

तिने ठिपका काढून टाकला. चित्र एकदम मोकळं झालं, देखणं झालं.

आता कुणी म्हणेल, लहान पोर ती, तिच्या ध्यानात आलं नसेल. तसं नव्हतं. चांगलं ध्यानात आलं होतं. सदूकाकाही आठवला, अंगणातून आत जाऊन आलेली काकीही आठवली. मग पूर्वीने मनाशी म्हटलं की लोगो म्हणजे काही फोटो नव्हे, आणि फाईल सेव्ह केली. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

मॅडमनी वर्गात तो लोगो पडद्यावर लावला. "हे काढण्याचं धाडस बघा," म्हणाल्या. पूर्वीला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

छपाई मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या दाजींच्या प्रेसमध्ये होती. दाजी एकतीस वर्षं त्याच धंद्यात होते. क्लासात शिकवलं नाही ते पूर्वीला त्यांनीच शिकवलं. तीन घड्यांचं ब्रोशर करताना आत दुमडायचा भाग दोन मिलिमीटर अरुंद ठेवायचा, नाहीतर कागद फुगतो, हे त्यांनी स्वतः घडी घालून दाखवलं. पाकिटाचं प्रूफ समोर ठेवून त्यांनी चष्मा वर सरकवला. कमळाकाकीला ते बाजारात बघून होते.

"कपाळ मोकळं ठेवलंस?"

"हो. डिझाईनच तसं आहे."

"बघ हां. एकदा सही केलीस की मशीन थांबायचं नाही."

पूर्वीने सही केली.

पाकिटं आली ती संक्रांतीनंतर, गटाच्या हळदीकुंकवाच्या दिवशीच. ज्ञानेश्वरीताईने हौसेने ठरवलं होतं की यंदा वाण म्हणून हीच पाकिटं वाटायची. समाजमंदिरात सतरंजीवर पंचवीसेक बायका बसल्या. तिळगूळ झाला, पाकिटं हातोहात फिरली. एकीने पाकीट उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. हसण्याबोलण्याचा गलका होता तो हळूहळू बसत गेला. ज्ञानेश्वरीताई करंडा घेऊन ओळीने कुंकू लावत येत होती. तिचा हात कमळाकाकीच्या कपाळाशी आला आणि थांबला. क्षणभरच. मग तिने कुंकू लावलं आणि घाईने पुढच्या बाईकडे सरकली. पण तो क्षण पंचवीसजणींनी पाहिला होता.

काकीने मांडीवरचं पाकीट उचललं. बघत राहिली. मग दाराशी ब्रोशरांचा गठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या पूर्वीपाशी आली.

"बाय, ह्याच्यातलं कुंकू खंय गेलं?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं तिने, पण बाहेर पडलं ते दुसरंच. "छपाईत उडालं काकी. प्रेसवाल्याची चूक."

काकीने असा श्वास सोडला की तो शेजारच्या दोघीतिघींनाही ऐकू गेला. "मशिनीनं खाल्लंन होय! मग काय नाय गो. मला वाटलं, कोनी मुद्दाम पुसलंन." आणि मागे वळून तिने हसत सगळ्यांना सांगितलं, "अगो, मशिनीनं खाल्लंन!" बायका हसल्या. समाजमंदिरात पुन्हा गलका झाला. त्या गलक्यात पूर्वी खाली मान घालून ब्रोशरं वाटायला लागली.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. पुढचे आठ दिवस पूर्वीला अन्न गोड लागेना. काकी कुंपणावरून हाक मारून तिसऱ्यांचं सुकं द्यायची आणि ते हातात घेताना पोरीची मान वर होत नसे. खरं सांगावं, तर काकीचा जीव ज्या एका गोष्टीने निवला होता तीच काढून घ्यायची. न सांगावं, तर दाजींच्या नावाने वाडीभर बोंब होतेय ती ऐकत बसायचं. ज्ञानेश्वरीताईने नवीन पाकिटं मागत फोनवरून त्यांना असं काही झाडलं होतं की ते शब्द दोन दिवस वाडीत फिरत होते. शेवटी नवीन पाकिटांसाठी दुरुस्त केलेली फाईल घेऊन पूर्वी मिरजोळ्याला गेली. दुरुस्ती काय, तर कपाळावर एक ठिपका.

दाजींनी फाईल घेतली. चहा सांगितला. मग खणातून जुनं प्रूफ काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवलं. खाली तिची सही होती, तारखेसकट.

"हे त्यांना का नाही दाखवलंत?" पूर्वीने विचारलं.

"शिकायच्या वयात चुका होतात. माझ्या हातून एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव छापलं गेलंय." ते हसले नाहीत. "पण चूक वेगळी आणि हे वेगळं. एकतीस वर्षांत माझ्या मशीनने काही खाल्लं असं कुणी म्हणालं नव्हतं. नेहमीची दोन गिऱ्हाइकं परवा विचारत होती मला. हे तू घेऊन जा. इथे राहिलं तर एखाद दिवशी राग येईल आणि मी दाखवीन."

प्रूफाची घडी पर्समध्ये घालून ती एसटीने परत आली. घरी न जाता सरळ काकीच्या अंगणात शिरली. काकी कातळावर मिरच्या पसरत होती.

पूर्वीने प्रूफ तिच्यापुढे उलगडलं आणि सगळं सांगितलं. मशीनने काही खाल्लं नाही. दाजींनी विचारलं होतं. आपण सही केली. ठिपका आपणच काढला, चित्र छान दिसावं म्हणून, गुण पडावेत म्हणून. सांगताना तिला रडू कोसळलं. काकी मिरच्यांवरचा हात न उचलता ऐकत राहिली.

"काढताना तुला आठवण झाली नव्हती?"

"झाली होती."

ह्या उत्तरावर काकीने हात झटकले आणि ती पायरीवर जाऊन बसली. ओरडेल, हाकलून देईल, आईला बोलावील, असं काय काय पूर्वीला वाटत होतं. एखादी थोबाडीत बसली असती तर तिला बरंच वाटलं असतं.

"विचारायचंस गो मला," काकी म्हणाली. "सात वर्षं झाली. दीर आले, भाऊ आले, भटजी आले. कोनी सांगितलंन काढ, कोनी सांगितलंन ठेव. कमळे, तुला काय वाटतं, असं एकानं विचारलंन नाय. मला वाटलं होतं, तू शिकलेली, तू विचारशील."

पूर्वीने ओढणीने डोळे पुसले.

"नि तू विचारलं असतंस ना, तर मी सांगितलं असतं." काकीचा आवाज खाली आला. "काढ म्हणून सांगितलं असतं. दमले मी वाट बघून. ह्या संक्रांतीचं हळदीकुंकू शेवटचं घ्यायचं नि मग शिमग्याच्या आधी आपल्या हातानं पुसायचं, असं ठरवलं होतं मी. कोनाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, तेव्हा कोनाच्या सांगण्यावरनं पुसलं नाय, आता पुसायचं तर आपल्या मनानं."

"मग काकी..."

"मग काय? आता पुसलं तर वाडी म्हणेल, पाकिटावरनं गेलं म्हणून कमळीनं पुसलंन. माझ्या मनाचं कोण म्हणेल?" तिने प्रूफाची पुन्हा घडी घातली आणि पूर्वीच्या हातात दिली. "दाजींचं काय ते उद्या ज्ञानेश्वरीला जाऊन सांग. माझं राहू दे."

पूर्वी उभीच होती. काकी उठली, मिरच्यांपाशी जाऊन ओणवी झाली आणि वर न बघता तिने विचारलं, "नवीन पाकिटं येतायत ना? कुंकवासकट?"

"हो काकी. सोमवारी."

"मग आता लावायलाच हवं जन्मभर," कमळाकाकी म्हणाली आणि मिरच्या उलटवायला लागली.