सामन्यापुरता भंडारा

माझा धाकटा भाऊ सिदू याच्या हातातून बॉल निसटला त्याला आता वर्ष होत आलं. सामन्याचं अठ्ठ्याऐंशीवं मिनिट आणि साधा, रांगत आलेला बॉल. आमच्या गल्लीतल्या दानेश्वरीनंही अडवला असता, आणि ती अजून बालवाडीत जाते. पण सिदू पडला पगारी गोलकीपर, परराज्यातल्या एका क्लबाचा. क्लबाचं नाव मी घेत नाही, घेण्यासारखं त्यांनी काही ठेवलं नाही.

त्या सामन्यावर सट्टा लागला होता म्हणे. दुसऱ्या दिवशी तेवढा बारा सेकंदांचा तुकडा फोनाफोनांवर फिरला आणि खाली लोकांनी विचारलं, किती घेतले? क्लबानं चौकशी लावली. फोन तपासला, बँकेचं खातं तपासलं, एकच प्रश्न चार वेळा उलटसुलट विचारला आणि शेवटी कागद दिला, ‘पुरावा आढळला नाही’. म्हणजे खाल्लं असेल, पण सापडलं नाही. करार काही वाढवला नाही. सिदू सोलापुरात आला आणि शुक्रवार पेठेतल्या माझ्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात बसून जळक्या मोटारींतली तांब्याची तार उपसायला लागला. एवढे मोठे हात आणि एवढीशी तार. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी त्याच्यावरच खेकसायचो.

आमच्या मंगळवेढ्याकडच्या गावचे नागप्पाअण्णा यांनी शहराबाहेर मुलांसाठी फुटबॉलचे वर्ग काढलेत. त्यांना गोलकीपर शिकवणारा माणूस हवा होता. एक दिवस ते दुकानात आले, चहा घेतला आणि म्हणाले, पोरगा आपला आहे, पण उद्या एखादा बाप विचारेल, हा तोच ना? मी काय सांगू?

मी फुशारकीत बोलून गेलो, “भंडारा उचलंल की.”

आम्ही धनगर. बिरोबाचा भंडारा म्हणजे दिसायला नुसती हळद. पण ती तळहातावर घेऊन कोणी खोटं बोलल्याचं आमच्या गावात ऐकिवात नाही. कोर्टात शपथ घेऊन थापा मारणारे आमच्यातही पैशाला पासरी मिळतील, भंडाऱ्यावर एक नाही. अण्णांचा चेहरा लगेच खुलला. रविवारी उचलू दे, सोमवारपासून मैदानावर येऊ दे, मग कोण बोट दाखवतं ते मी बघतो, म्हणाले.

सिदूला सांगितलं तेव्हा त्यानं तार खाली ठेवली. काय बोलावं लागतं, असं त्यानं दोनदा विचारलं. मला रागच आला. मी म्हणालो, कर नाही त्याला डर कशाला? तो गप्प बसला. मी ते गप्प बसणं होकारात मोजलं.

गावात आमच्या आईनं, तानाबाईनं, शनिवारपासून अन्नाला शिवलं नव्हतं. त्या बारा सेकंदांपासून ती कुणाच्या लग्नाला गेली नव्हती की बारशाला. रविवारी सकाळी मात्र नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी देवळात जाऊन बसली. पुजारी गुरप्पानं सिदूच्या उजव्या हातावर बेलाचं पान ठेवलं, वर मूठभर भंडारा ठेवला. देवळात पंधरावीस माणसं होती.

अण्णा म्हणाले, “म्हन बाबा, ह्या खेळात म्या कंदी लबाडी केली न्हाय.”

सिदू हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, “त्या सामन्यापुरतं म्हन्तो, अण्णा. त्या सामन्यात म्या लबाडी केली न्हाय.”

“सामन्यापुरतं कशापायी? भंडारा काय मापानं उचलत्यात व्हय? लोकांची पोरं तुज्या हवाली करायची हायत. सगळ्या खेळाचं बोल.”

तेव्हा सिदूनं माझ्याकडं पाहिलं, आणि मला एक जून आठवला.

आमच्याकडं पूर्वी सगळी पोरं एक जूनला जन्मायची. म्हणजे जन्मायची केव्हाही, शाळेत घालताना मास्तर एक जून लिहायचे. सिदूची तर गावात तीही नोंद नव्हती. वडील वारल्यावर मी त्याला सोलापूरला आणला, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, आणि बारा वर्षांखालच्या संघाची निवड तोंडावर आली होती. मी स्टॅम्पपेपर घेतला, ‘सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की’ असं लिहिलं आणि एक जून दोन वर्षं पुढं ढकलला. सही माझी. कुणी वय विचारलं तर अकरा सांगायचं, हे मोटारसायकलवर मागं बसवून रस्ताभर त्याच्याकडून घोकून घेतलं. त्या निवडीला निम्म्या पोरांना मिसरूड फुटलेलं होतं, म्हणून त्यात पाप आहे असं मला वाटलंच नाही. इतकं वाटलं नाही की मी ते साफ विसरलो. तो विसरला नव्हता.

मी बोलायला हवं होतं. लबाडी माझी, तो तेव्हा पोर होता, एवढी दोन वाक्यं. पण बापामागं भावाला वाढवला म्हणून गाव मला मान देतं. आई कुणाकुणाला तेच सांगते. जीभ टाळूला चिकटली म्हणतात ते खोटं आहे. जीभ माझी मोकळी होती, मीच ती हलवली नाही. आणि सिदूनं तोंड उघडलं असतं तर माझं नाव निघालं असतं, म्हणून तोही माझीच वाट बघत उभा राहिला. घामानं भंडारा त्याच्या तळहातावर ओला झाला.

मग त्यानं तो हळूच परत ताटात सोडला.

अण्णांनी देवाला हात जोडले, बाहेर येऊन चपला घातल्या आणि गाडीत बसून निघून गेले. आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी हात धरून उठवायला गेलो, तर तिनं माझा हात घट्ट धरला आणि सिदूच्या अंगावरून त्याच्याकडं न बघता निघून गेली.

मोटारसायकलवर परतताना मोहोळचा फाटा गेल्यावर सिदू मागून म्हणाला, “दादा, बॉल खरंच निसटला.”

“ठावं हाय मला.”

“तुला एकट्यालाच ठावं हाय.”

मी गाडीचा वेग वाढवला. दुसरं काय करणार?

त्याच रात्री आई एसटीनं सोलापूरला आली. आता ती आमच्याकडंच असते, गावात तोंड दाखवायची तिला लाज वाटते. सोमवारी सकाळी दुकानाला निघताना तिनं भंडाऱ्याची डबी आणली. माझ्या कपाळाला बोट लावलं, वडिलांच्या माघारी तू होतास म्हणून बरं, म्हणाली. माझ्यामागं सिदू सवयीनं वाकून उभा राहिला होता. तिनं डबीचं झाकण लावलं.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. सिदू आता वाकत नाही. तो आधीच जाऊन दुकान उघडतो, आणि मी कपाळाला भंडारा लावून मागनं जातो.