न कापलेले त्रेचाळीस सेकंद

स्वप्नीलच्या धंद्याचा एकच नियम होता, शांतता खपत नाही. चौक गावात, जुन्या हायवेला, गॅरेज आणि ढाब्याच्या मधल्या गाळ्यात त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. खालापुरापासून कर्जतपर्यंत जिथे मांडव उभा राहील तिथे हा दोन कॅमेरे घेऊन हजर. शूटिंगमध्ये कुणी गप्प दिसलं की तेवढी जागा कापायची, वर गाणं टाकायचं, नवरा-नवरीला बदामात बसवायचं, की गिऱ्हाईक खूश. बारा वर्षांत त्याने किती मुकी तोंडं कापली असतील, देव जाणे. त्यातलं एक तोंड त्याच्या आईचं होतं.

आई इंदूबाई म्हणजे पंचक्रोशीतली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळद लागते ती धवल्याच्या गाण्यावर. धवलारीण ओळ म्हणते, मागच्या बायका ती झेलतात, मग ती पुढची ओळ उचलते. ओळ उचलायचा मान फक्त तिचा, दुसऱ्या कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. इंदूबाईचा आवाज असा होता की नवरदेवाला मागच्या ओटीवर बसून ऐकू यावा आणि नवरदेवाच्या बापालाही गहिवरून यावं.

तीन वर्षांपूर्वी पुतण्या हर्षदच्या हळदीत तिने ओळ म्हटली, ‘मांडवाच्या दारी गं हळदीची वाटी.’ बायकांनी ती झेलली. पुढची ओळ आलीच नाही. इंदूबाई नुसती उभी राहिली. रिवाज मोडायचा कुणी, म्हणून चाळीस बायकाही तशाच तिच्या तोंडाकडे बघत उभ्या. शेवटी डीजेवाल्याने कसलंतरी गाणं लावलं आणि पोरं नाचायला लागली.

गाव म्हणालं, अपशकुन. पुढच्या महिन्यात हर्षदचा टेंपो घाटात बंद पडला, त्याचंही खापर इंदूबाईच्या डोक्यावर फुटलं. टेंपो वीस वर्षांचा जुना होता, हे कुणी काढलं नाही.

ती मात्र त्या दिवसापासून बसली ती बसलीच. चुलीवरचा भात करपायचा, ती समोर असून उठायची नाही. नवऱ्याने, हिरामणने, भगत केला. भगताने कोंबडं खाल्लं, फरक कोंबड्यालाच पडला. अखेर आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी खडसावून कर्जतला मनाच्या डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन आहे, आजार आहे, औषध आहे. दीड वर्ष गोळ्या चालल्या आणि इंदूबाई उठली. भातलावणीला गेली, भांडली, हसली, भाकरी थापताना गुणगुणलीसुद्धा. पण हळदीला तिला कुणी बोलावलं नाही ते नाहीच.

आणि आता हर्षदची बहीण, जागृती, हिचं लग्न ठरलं होतं. तिचा बाप गजाकाका एक दिवस दुकानात येऊन टेकला.

“स्वप्नील, तुज्याकडं वयनीचा जुना आवाज हाय ना रं? पेनड्राइवमंदी भरून दे. हळदीला लावू.”

“काका, आय घरी हाय. बरी हाय.”

“ठावं हाय रं.” काका जमिनीकडे बघत म्हणाला. “पन परत मधीच थांबली तं? पोरीची हळद हाय. लोकं काय म्हनतील?”

म्हणजे बाईचा आवाज चालत होता, बाई चालत नव्हती. स्वप्नीलच्या अंगाचा तिळपापड झाला, पण काकाला उलटून बोलायची त्याची छाती झाली नाही; पेनड्राइव्ह भरून दिला. त्याने ठरवलं, आईच्या आजाराची फिल्म करायची. डॉक्टरांचं गाव ऐकत नव्हतं. पडद्यावर दिसलं की मात्र गाव काहीही मानतं, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं.

जागृतीला आईच्या भूमिकेत उभी केली. तीही हौशी. केस मोकळे सोडले, खोलीत लाल दिवा लावला, कॅमेरा तिरका धरून गरगर फिरवला. आवाजाला घुमारा दिला, विजा कडाडवल्या, वरून छातीत धडकी भरवणारं संगीत. लग्नात जेवढी करामत यायची तेवढी सगळी ओतली, फक्त बदाम तेवढे वगळले. मग मोठ्या अभिमानाने आईला दुकानात आणून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

इंदूबाईने पूर्ण बघितलं. आधी हसली. मग म्हणाली, “ही कोन रं? मी कवा केस सोडून किंचाळले?”

“आय, ते दाखवायला लागतं. आजार दिसला पायजे ना.”

“ह्यो माजा आजार नाय,” ती शांतपणे म्हणाली. “ही तुजी भीती हाय.”

स्वप्नीलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षांत त्याने आईला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या मोजून दिल्या. पण तुला काय होत होतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. ते त्याने आता विचारलं.

“सगलं ऐकू यायचं,” ती म्हणाली. “मानसांचं बोलनं लांबून यायचं, बांगड्या मातर कानापाशी वाजायच्या. पुढली ओळ मला ठावं व्हती रं. पन ती उचलायची म्हंजे भाताचं भरलेलं पोतं उचलावं तसं. हातच लागंना.” मग तिने विचारलं, “त्या दिवसाचं शूटिंग हाय का तुज्याकडं?”

होतं. व्हिडिओतून कापलेलं सगळं जुन्या हार्डडिस्कमध्ये पडून होतं. एक कॅमेरा इंदूबाईच्या तोंडावर होता. दुसरा त्याने झेलणाऱ्या बायका दिसाव्यात म्हणून तिच्या पाठीमागे लावला होता. त्याने दुसऱ्याचं चित्र उघडलं. कडेला हिरव्या लुगड्यातला आईचा खांदा आणि समोर चाळीस तोंडं, वाट बघणारी. पुढच्या रांगेत भागी, तिची लहानपणापासूनची जोडीदारीण. एक सेकंद, दहा, वीस, त्रेचाळीस.

इंदूबाईने पदर तोंडाला लावला. “ह्येच,” ती म्हणाली. “ह्येच दिसत व्हतं मला. ह्ये दाखव. हितं कात्री लावू नको.”

“आय, त्रेचाळीस सेकंद लई व्हतात. काय घडत नाय त्यात. लोकं उठून जातील.”

“मी उठून गेले का?”

लाल दिवा गेला, विजा गेल्या. पुढचे पंधरा दिवस मायलेक शेजारी बसून फिल्म जुळवत होते. जागृतीने पुन्हा काम केलं, या वेळी केस नीट बांधून. कॅमेरा घरात एका जागी ठेवला. सगळं घर कामाला लागलेलं, येतंय-जातंय, आणि मध्ये ती एकटी न हललेली. बोलणी बारीक केली, बांगड्या मोठ्या केल्या. सवयीने स्वप्नीलचा हात संगीताकडे जायचा आणि आई त्यावर चापट मारायची.

मांडवाच्या दिवशी गावातल्या बायका हळद दळायला गजाकाकाकडे जमल्या. डीजेचा मोठा पडदा दुपारीच उभा राहिला होता. जागृतीने जाहीर केलं, “आधी काकीचा पिक्चर, मंग हळद.” नवरीला नाही कोण म्हणणार? गजाकाका पडद्याकडे अर्धी पाठ करून बसला. इंदूबाई मागे खांबाला टेकून बसली. स्वप्नीलने फिल्म चालू केली. फिल्म फसली तर आईचं हसं होणार होतं, तेही भरल्या मांडवात, आणि मग ती आयुष्यात परत गाणार नव्हती.

बांगड्या वाजू लागल्या तशा बायका गप्प झाल्या. मग ती हळद आली, ती ओळ आली, आणि सगळं थांबलं.

“आवाज गेला, आवाज गेला!” डीजेवाला वायरी हलवायला धावला.

“आवाज गेला नाय!” स्वप्नील ओरडला. “बस खाली!”

आधी खसखस पिकली. “तुजं त्वांड बघ गं!” पण चित्र हलेचना. बायकांना आता कळलं की आपण इंदूबाईच्या जागी उभ्या आहोत आणि समोरून आपणच आपल्याकडे बघतोय. हसू विरलं. कुणीतरी नाक ओढलं. पडद्यावर भागीने मान दुसरीकडे वळवली, आणि मांडवातली भागी ताडकन उठली.

“बाई,” ती मागे वळून म्हणाली, “मला पुढली ओळ ठावं व्हती. तवाबी ठावं व्हती.” आणि कापऱ्या आवाजात, रिवाज मोडून, तिने ती म्हटली, “पहिला हात लावू गं गावदेवीसाठी...”

सगळ्या माना इंदूबाईकडे वळल्या. स्वप्नीलने डोळे मिटून घेतले.

“पट्टी चुकली तुजी,” इंदूबाई म्हणाली.

आणि खांब सोडून ती उभी राहिली. तीच ओळ तिने आपल्या पट्टीत उचलली, खणखणीत, तीन वर्षांची सगळी थकबाकी वसूल करणाऱ्या आवाजात. चाळीस बायकांनी ती अशी झेलली की वरचं कापड थरारलं. तिने पुढची घेतली, त्याच्या पुढची घेतली. भागी रडत रडत झेलत होती. फिल्मची शेवटची दोन मिनिटं कुणीच बघितली नाहीत, आणि त्याचा इतका आनंद कुठल्याच फिल्मवाल्याला झाला नसेल.

गजाकाकाने डीजेच्या मशीनमधून पेनड्राइव्ह उपसला, खिशात घातला आणि वहिनीसमोर येऊन उभा राहिला. “वयनी, सांजच्याला...”

“येते भावजी. पेनड्राइवला सांगा, तू नाचायला ये.”

सूर्य कलताना जागृती पाटावर बसली आणि हळद सुरू झाली. इंदूबाई ओळीमागून ओळ उचलत होती. स्वप्नीलने एक कॅमेरा तिच्या तोंडावर आणि एक तिच्या पाठीमागे लावला होता. आणि मध्येच, एका ओळीनंतर, ती थांबली.

डीजेवाल्याचा हात बटणाकडे गेला. गजाकाकाचं तोंड पांढरं पडलं. भागीने मात्र पुढची ओळ ओठांवर आणून ठेवली होती.

इंदूबाईने खाली ठेवलेला तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्यायलं आणि सगळ्यांकडे एकवार नजर फिरवली.

“काय झालं गं? बाईनं पानीबी पिऊ नये का?”

मांडव हसून हसून लोटपोट झाला. तिने पदराने तोंड पुसलं आणि पुढची ओळ उचलली.

जागृतीच्या लग्नाच्या व्हिडिओत सगळं आहे, बदामसुद्धा आहेत. पण ते पाणी प्यायचे सात सेकंद तसेच आहेत, वर कुठलंही गाणं न टाकता. स्वप्नीलने ते कापले नाहीत.