तळ्याचा तळ वाटला गेला तेव्हा

मित्रांनो, पुलाला आपण कुठे पोहोचायचे हे ठाऊक असते. मला ते कधीच ठाऊक नव्हते. मी एक जुना लाकडी धक्का आहे. काठावरून निघालो, थोडा पाण्यात चाललो आणि पलीकडच्या काठाकडे पाहत थांबलो. तेव्हापासून तिथेच उभा आहे. न पोहोचण्याचेही एक काम असते, हे तुम्हाला माझ्या कहाणीतून कळेल.

ॲडलेडच्या उत्तरेला, मॉसन लेक्स या उपनगरापासून गाडीने वीस मिनिटांवर, फार पूर्वी विटांचा कारखाना होता. मातीसाठी खणून खणून तिथे मोठा खड्डा झाला. कारखाना बंद पडला, पाणी उपसणारे पंप थांबले आणि पावसाळी गटारांनी तो खड्डा भरून टाकला. असे हे तळे झाले. शहराच्या कचेरीने, म्हणजे कौन्सिलने, ते ताब्यात घेतले आणि पाण्याची पातळी मोजण्यासाठी मला बांधले. माझे खांब नदीकाठच्या रेड गम झाडाचे आहेत, आतून विटेसारखे तांबडे. ज्या सुताराने मला उभे केले, तो लोखंडी सळई पाण्यात खुपसून तळ चाचपत असे. समोर चिखल लागला, म्हणून घट्ट जमिनीच्या शोधात तो मला तिरपे नेत गेला. मी काठाला काटकोनात नाही, किंचित डावीकडे कललेला आहे, तो त्यामुळे. या कललेपणाने पुढे माझ्यावर काय ओढवणार आहे, हे त्या भल्या माणसाला कसे कळावे?

दर सोमवारी कचेरीचा एक माणूस येई, माझ्या शेवटच्या खांबावरच्या पट्टीवर पाणी कुठवर आले ते वाचून वहीत लिही आणि जाताना फळीवर टाच आपटून म्हणे, “हलत नाहीस, हे बरं आहे.” एवढीच माझी स्तुती. मित्रांनो, मला ती पुरत असे. मग एक यंत्र आले. ते पाण्यात बुडून स्वतःच पातळी कळवू लागले आणि सोमवारचा माणूस यायचा थांबला. कोणी मला मोडले नाही, फक्त विसरले. मोडल्याचा आवाज होतो. विसरल्याचा होत नाही. फळ्या फाटल्या, खिळे गंजले, आणि माझ्या टोकाला पेलिकन पक्षी बसू लागला, बहुधा तिथे आता माणूस येत नाही हे त्याला कळले होते म्हणून.

पुढे तळ्याभोवती घरे झाली. माझ्या मुळाशी असलेल्या घरात नॉर्बर्ट आणि लुर्डस हे वसईचे जोडपे राहायला आले. नॉर्बर्ट इस्पितळात एक्स-रे काढतो, लुर्डस तिथल्याच प्रयोगशाळेत आहे. पहिल्याच शनिवारी नॉर्बर्टचा पाय माझ्या कुजक्या फळीतून आरपार गेला. तो चिडेल असे मला वाटले. त्याने पाय बाहेर काढला, भोकात वाकून पाहिले आणि घरातून हातोडी घेऊन आला. त्यानंतर दहा वर्षे, सुट्टीची दुपार मिळाली की तो माझी एखादी फळी बदलत असे. मी कोणाचा, हे त्याने कधी विचारले नाही.

शेजारच्या घरात हृषीकेश आणि मयूरा आले. हृषीकेश इथे शिकायला आला आणि इथलाच झाला. मयूरा औषधांच्या दुकानात काम करते. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील, प्रल्हादकाका, तिच्याकडे राहायला आले. ते सातारा जिल्ह्यात सरकारी मोजणीदार होते. चाळीस वर्षे लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. चाल परत यायला हवी तर रोज सपाट जागेवर चाला, असे डॉक्टरांनी सांगितले. इथले रस्ते चढउताराचे, आणि धरायला काही नाही. माझ्या एका बाजूला मात्र कठडा आहे. नॉर्बर्टने स्वतः त्यांना माझ्यावर आणले. त्या दिवसापासून रोज सकाळी ते कठडा धरून टोकापर्यंत जातात आणि परत येतात. त्यांचा डावा पाय फळीवर कसा घासतो, हे डॉक्टरांपेक्षा मला अधिक ठाऊक आहे. तो महिन्या-महिन्याने हलका होत गेला, हेही मीच पहिल्यांदा जाणले.

गेल्या वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबरात, कचेरीचे पत्र आले. काठालगतचा, पाण्याखालचा तळ कचेरी विकणार होती. प्रत्येक घराच्या कुंपणाची रेघ सरळ पाण्यात ओढायची, दोन रेघांमध्ये येणारी पट्टी त्या घरमालकाने घ्यायची. रेघा कुठवर ते कळावे म्हणून पाण्यावर नारिंगी तरंगते गोळे बांधले गेले. मासे त्यांच्याखालून पूर्वीसारखेच ये-जा करीत होते. नॉर्बर्ट आणि हृषीकेश यांच्यामधली रेघ मात्र माझ्या अंगावरून गेली. कललेला असल्यामुळे मी मुळाशी नॉर्बर्टच्या पट्टीत होतो आणि टोकाला हृषीकेशच्या. पत्रात लिहिले होते की, पाण्यातल्या प्रत्येक बांधकामाला एकच मालक हवा. ज्यावर कोणाचा दावा नाही, ते कचेरी काढून टाकेल.

त्या संध्याकाळी दोघे मित्र माझ्यावर चहा घेऊन बसले.

“हृषी, तुझे सासरे चालतात यावर. तूच घे,” नॉर्बर्ट म्हणाला.

“खिळा न् खिळा तू ठोकलायस. मी कुठल्या तोंडाने घेऊ?”

“अरे, घे रे.”

“तू घे. मी काय, येतोच आहे चालायला.”

दोघेही हसले. चहा संपला. आपापल्या घरी जाऊन दोघांनी अर्ज भरला. ‘या बांधकामावर आपला दावा आहे काय?’ या प्रश्नापुढे नॉर्बर्टने मोठ्या मनाने ‘नाही’ लिहिले. हृषीकेशनेही तितक्याच मोठ्या मनाने ‘नाही’ लिहिले. दुसऱ्याच्या तोंडचा घास आपण काढू नये, हे दोघांनाही घरून शिकवलेले होते. वाईट एवढेच की, ती शिकवण दोघांनी एकाच दिवशी पाळली.

फेब्रुवारीच्या उन्हात कचेरीची एक मुलगी आली आणि तिने माझ्या कठड्याला पिवळा कागद बांधला. कोणाचाही दावा नसल्यामुळे हे बांधकाम पाडण्यात येईल; हरकत असल्यास शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवावी. त्या दिवशी मंगळवार होता.

संध्याकाळी सगळे माझ्यावर जमले. मयूराने कागद दोनदा वाचला.

“म्हणजे दोघांनीही नाही लिहिलं?”

“मला वाटलं, हृषी घेईल,” नॉर्बर्ट म्हणाला.

“मला वाटलं, नॉर्बर्ट घेईल,” हृषीकेश म्हणाला.

“आणि आता कौन्सिल घेईल,” लुर्डस म्हणाली. “करवतीने.”

प्रल्हादकाका कठड्याला टेकून उभे होते. ते सावकाश म्हणाले, “वीतभर बांधासाठी डोकी फुटलेली मी पाहिलीत. भाऊ भावाच्या अंगावर गेलेला पाहिलाय. पण ‘तू घे, तू घे’ म्हणत दोघांनी मिळून वस्तू घालवली, असलं प्रकरण सबंध नोकरीत आलं नाही.”

“बाबा, मी उद्याच फोन करतो आणि सांगतो, की नॉर्बर्टच्या—”

“काका, त्यापेक्षा हृषीच्या नावावर—”

“झालं, परत सुरू,” मयूरा म्हणाली.

मग लुर्डस बोलली. ती फार कमी बोलणारी बाई आहे. तिने पाण्याकडे पाहत म्हटले, “मला हवाय.”

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

“माझ्या नावावर लिहा. उपकार म्हणून नाही, कोणाच्या सोयीसाठी नाही. नाइट शिफ्टवरून सकाळी येते ना, तेव्हा घरात शिरायच्या आधी पाच मिनिटं इथे बसते. ती पाच मिनिटं नसली, तर दिवसभर मी कोणाशी धड बोलू शकत नाही. म्हणून हवाय.”

नॉर्बर्ट म्हणाला, “हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलंस?”

मला मात्र माहीत होते. तिच्या पाच मिनिटांचे वजन मी रोज पेलत आलो होतो. पण, मित्रांनो, धक्क्याला साक्ष देता येत नाही.

“ठीक,” प्रल्हादकाका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जुनी कचेरी जागी झाली. “दावा झाला. दावा झाला की मोजणी. हृषीकेश, रेघ वाकवून पूर्ण धक्का लुर्डसच्या पट्टीत जाईल. तुझ्या पट्टीचा कोपरा सोडावा लागेल. चालेल?”

“चालेल काय, बाबा, आनंदाने.”

“आनंद नको, सही लागेल.”

मयूरा म्हणाली, “आणि आपल्याला इथून चालायचा हक्क? तो तोंडी नको. कागदावर हवा.”

“वहिवाट म्हणतात त्याला,” काका म्हणाले, आणि त्यांनी लेकीकडे अशा काही नजरेने पाहिले की जणू ती एखादी कठीण परीक्षा पास झाली होती.

बुधवारी सकाळी हृषीकेशने चार मोजणीदारांना फोन केले. तीन आठवडे कोणाला वेळ नव्हता. कचेरीतून कळले की, हाताने काढलेला, मापे लिहिलेला नकाशाही चालेल. त्यांचा माणूस गुरुवारी येऊन तपासेल. काकांनी गळ्यात पाटी अडकवली, तिच्यावर कागद लावला. काठावरच्या कुंपणापासून पाण्यातल्या नारिंगी गोळ्यापर्यंत हृषीकेशने दोरी ताणली. त्या दोरीपासून माझा एकेक खांब किती लांब, ते मोजायचे होते. नॉर्बर्टच्या गॅरेजमधला पोलादी टेप आला.

“काका, तुम्ही बसा. मी वाचते, तुम्ही लिहा,” लुर्डस म्हणाली.

“नाही. ज्याने आकडा पाहिला, त्यानेच लिहायचा. ऐकीव आकड्यावर मी कधी हद्द टाकली नाही. तू फक्त दोरीवर टोक धर.”

उजव्या हातात टेप, डाव्या अशक्त हातात पेन्सिल. कठडा धरायला तिसरा हात नव्हता. माझ्यावर ते कधीच कठडा सोडून चालले नव्हते. मयूरा काठावर उभी राहिली. पहिला खांब झाला. दुसरा झाला. चौथ्या खांबापाशी एक फळी दबली, काका डावीकडे झुकले आणि टेप खणखणला. मी होतो तितका स्थिर राहिलो. धक्क्याला एवढेच करता येते. ते सावरले, वाकून आकडा पाहिला, लिहिला, आणि पुढे निघाले. टोकाला पोहोचायला त्यांना पाऊण तास लागला. तिथे पोहोचून त्यांनी घाम पुसला आणि ते म्हणाले, “आता उलट दिशेने. मोजणी दोनदा करायची असते.”

गुरुवारी कचेरीचा डॅरेन आला. उन्हाने भाजलेला, मोठ्या टोपीचा, बोलण्यात घाई नसलेला माणूस. त्याने तिपायीवर यंत्र लावले, काकांचा कागद शेजारी धरला आणि एकेक आकडा ताडून पाहिला.

“कोणी काढला हा?” त्याने इंग्रजीत विचारले.

“मी,” काका म्हणाले.

“दोन बोटांचा फरक आहे, मेट. तोही एकाच ठिकाणी.”

“चौथ्या खांबाला,” काका म्हणाले. “तिथे मी हललो होतो.”

डॅरेन हसला. मग त्याने हातोडीने माझे खांब ठोकून पाहिले. शेवटच्या दोन खांबांचा आवाज पोकळ आला. त्याने ते लपवले नाही. टोकाचा भाग कुजला आहे, तेवढा कापावा लागेल, बाकीचा राहील, असे तो म्हणाला. ज्यावर सोमवारचा माणूस पट्टी वाचत असे, तो खांब त्यात होता, आणि पेलिकनची जागाही.

“कापा,” प्रल्हादकाका म्हणाले. “पण सरळ कापा.”

शुक्रवारी अकरा वाजता लुर्डसने अर्ज दिला. हृषीकेशने सही केली, मयूराने वहिवाटीची ओळ स्वतः वाचून पाहिली. तळ्याच्या नकाशात आता सगळ्या रेघा सरळ आहेत. एकच रेघ मध्येच कोपर दुमडल्यासारखी वाकते. त्या कोपरात मी आहे. पहिल्यापेक्षा आखूड, पण पूर्ण एका नावाचा.

मित्रांनो, कापल्याचे मला दुःख झाले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पेलिकन दोन दिवस माझ्यावरून घिरट्या घालत राहिला आणि मग दुसरीकडे गेला. पण एक नवी गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. परवा नॉर्बर्ट आणि हृषीकेश यांचे माझ्यावरून भांडण झाले.

“माझ्या बायकोच्या नावावर आहे. फळ्यांना तेल मी देणार.”

“माझी वहिवाट लेखी आहे. मागच्या वेळी तू टोकाला नीट दिलं नव्हतंस.”

“मी? दहा वर्षं कोण—”

“दहा वर्षं मालक नव्हतास, म्हणून कोणी बोललं नाही.”

इतकी वर्षे माझ्यासाठी कोणी भांडले नव्हते. मी ऐकत राहिलो. मला ते गाण्यासारखे वाटले.

म्हणून एवढेच मागणे आहे. जे तुम्ही मनातून सांभाळता, ते आपले आहे असे वेळेवर म्हणा. दुसऱ्यासाठी मागे सरणे चांगले, पण दोघेही मागे सरले तर मधली वस्तू पाण्यात पडते. लाज वाटली तर हळू म्हणा. पण म्हणा, आणि मग तिची निगा राखा. भांडण अजून मिटलेले नाही, तेलाचा डबा दोघांच्या कुंपणामध्ये तसाच पडून आहे, आणि ऊन अजून कडक आहे. तुमच्यापैकी कोणी इकडून जात असेल, तर मालक कोण ते विचारत बसू नका. ब्रश डब्यावरच ठेवलेला आहे.