चालून राहिलं

मनोहररावांनी पेटीचं झाकण उघडलं आणि आतली एकेक तार बोटानं चाचपली. एकही सुटलेली नव्हती. शेजारी टॉर्च धरून उभ्या असलेल्या देवकीनं डोळ्यांनीच विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

कन्हानजवळच्या खाणीतलं हे पंपघर. पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारी ही पेटी या नवराबायकोनं नागपूरच्या रामदासपेठेतल्या भाड्याच्या गॅरेजमध्ये जन्माला घातली होती. मनोहरराव मुंबईची चांगली नोकरी सोडून परतले, तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला होता. असले उद्योग करायचे तर बंगलोरला जावं, नागपुरात संत्री विकावीत! पण दोघं असे चिवट, की पेटी जळाली की पुन्हा नवी करायला बसत. अशा माणसांचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

ही पेटी महिनाभर चाचणीसाठी लावली होती. टिकली तर खाणकंपनीच्या सगळ्या खाणींचं काम मिळणार होतं, नाहीतर गॅरेजला कुलूप. आणि परवा मुंबईच्या कचेरीतून चिटणीस साहेबांचा ट्रंककॉल आला होता, "यंत्र बंद पडलंय. मी येतोय. माझ्यासमोर काढून न्या."

आता ते हाताची घडी घालून मागे उभे होते.

"सापडला दोष?"

"दोष दिसत नाही, साहेब." मनोहरराव म्हणाले. मुंबईकरांपुढे ते नेहमी परीटघडीची भाषा बोलत.

तेवढ्यात पेटीत टक्क आवाज झाला आणि पंप घरघरू लागला. कोणी हातही लावला नव्हता.

साहेब चमकले. "मग बंद पडलं असं मला फोनवर सांगितलं कोणी?"

पंपावरचा लहानू पुढं आला. "फोन मीच उचलला होता जी. तुम्ही इचारलं, यंत्राचं काय? म्या म्हटलं, चालून राहिलं."

"तेच! चालायचं राहिलं. म्हणजे थांबलं."

"थांबन काहून? चालूनच तं राहिलं!"

देवकीनं तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. "साहेब, आमच्याकडे चालून राहिलं म्हणजे चालू आहे."

साहेबांनी हाताची घडी सोडली. मग तेही हसले.

जीपपाशी जाताना मात्र ते गंभीर झाले. "यंत्र पहिल्या प्रतीचं आहे. पण माझं ऐका, कारखाना मुंबईला हलवा. जागा मी बघून देतो. नागपूरचं म्हटलं की आमचे डायरेक्टर नाक मुरडतात. पेटीवर मुंबई लिहिलेलं हवं."

देवकीचं हसू मावळलं. नाही म्हटलं तर हातचं काम जाणार, हे तिला कळत होतं. तरी ती नवऱ्याकडे पाहत उभी राहिली.

मनोहररावांनी रुमालानं सावकाश हात पुसले. परीटघडी मोडली.

"काहून जी? पाणी इथं भरते, पेटी इथं बनते. उद्या बिघडली तं मी अर्ध्या घंट्यात स्कूटरनं येतो. मुंबईहून कोण येईन?"

 एका शब्दापायी साहेब स्वतःच मुंबईहून आले होते. जीपमध्ये बसून त्यांनी दार ओढून घेतलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मग नागपूर जरा मोठ्या अक्षरात लिहा," ते म्हणाले. "आमच्या डायरेक्टरांना चष्मा आहे."